सहा दिवसांचं बिल

आईला मिरजेच्या दवाखान्यात दाखल केलं तेव्हा बाबांच्या नोकरीचे सहा दिवस उरले होते. ऑपरेशन झालं ते निवृत्तीनंतरच्या चौथ्या दिवशी. तिला घरी सोडलं, पैसे भरून घेतले आणि पावती हातात पडली ती त्यानंतर सोळा दिवसांनी. या तीन तारखांनी आमच्या घराची पुढची सात वर्षं खाल्ली.

बाबा मालवणच्या कचेरीत अव्वल कारकून होते. इंग्रजांच्या वेळी लागले आणि स्वतंत्र देशाच्या सरकारातून निवृत्त झाले. मोठा भाऊ मुंबईला एका खाजगी कंपनीच्या हापिसात होता. मी मालवणातच मुलींच्या शाळेत शिकवत होते, पण माझं ट्रेनिंग झालेलं नव्हतं. ट्रेनिंग नसलेल्या बाईला पगार कमी, आणि नोकरी दरवर्षी नव्याने चिकटवलेली. कायम व्हायचं तर दोन वर्षं ट्रेनिंग कॉलेजात काढायला हवीत, आणि तिथल्या राहण्याजेवणाचा खर्च आपला आपण करायचा. त्यासाठी मी तीन वर्षं पैसे साठवले होते. येत्या जूनला कोल्हापूरला जायचं ठरलं होतं.

त्याच सुमारास आईच्या पोटात गाठ निघाली. गावच्या डॉक्टरांनी तपासलं आणि बाबांना बाजूला घेऊन सांगितलं, "इथे वेळ घालवू नका. मिरजेला न्या." एस.टी.ने कोल्हापूर, तिथून आगगाडीने मिरज. घाटात आई दोनदा ओकली, पण एका शब्दाने कुरकुरली नाही. तिला खाट मिळाली त्याच संध्याकाळी बाबा म्हणाले, "माका परत जावक व्हया. शेवटच्या दिवशी चार्ज देवचो आसा."

मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाकडे देतील ना चार्ज. आईचं ऑपरेशन आहे."

"किल्ल्ये माज्याकडे आसत," ते म्हणाले आणि गेले.

तो आठवडा मी मिरजेत एकटी होते. बाबा परत आले ते ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. खांद्यावर नवी शाल होती, निरोपाची. ती त्यांनी आईच्या पायांवर घातली.

ऑपरेशन चांगलं झालं. त्या दवाखान्याबद्दल मला कधीच तक्रार करावीशी वाटली नाही. पण बिल आलं तेव्हा बाबांची पेन्शन बसली नव्हती, फंडाचे पैसे हातात आले नव्हते. भावाने मनीऑर्डर केली होती, ती पुरली नाही. माझे साठवलेले पैसे मी मालवणहून निघतानाच ब्लाउजच्या आत पुरचुंडी करून आणले होते. ते दिले. दवाखान्याच्या पायरीवर बाबा मला म्हणाले, "सरकारी नोकराच्या बायकोच्या औषधाचो खर्च सरकार देता. बिल मंजूर झालां की तुजे पैशे तुका. फुडल्या जूनात तू ट्रेनिंगाक जा."

मला ते पटलं होतं. बाबांना नियम माहीत नाहीत असं कधी घडलंच नव्हतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी फुलस्केप कागदाला डावीकडे घडी घालून समास पाडला आणि अर्ज लिहिला. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं. दवाखान्याची पावती, औषधाच्या दुकानाच्या पावत्या, रक्त तपासल्याची पावती, सगळं टाचून जिल्ह्याच्या हापिसात पाठवलं. दोन महिन्यांनी सगळंच्या सगळं परत आलं. ही औषधं देणं आवश्यक होतं असा डॉक्टरचा दाखला जोडलेला नाही. आणि वरती एक ओळ: खर्च निवृत्तीनंतरच्या तारखेस झालेला दिसतो, खुलासा करावा.

त्या आठवड्यात बाबांच्या हाताखाली बरीच वर्षं काम केलेला एक कारकून संध्याकाळी घरी आला. बाबांना तो अण्णा म्हणायचा. चहा घेता घेता त्याने आवाज खाली केला.

"अण्णा, दवाखान्याक येक पत्र घाला. महिनाअखेरची तारीख घालून दुसरी पावती देवा म्हणान. सगळां बिल नोकरीतच बसतलां. लोक करतत तसां."

"ऑपरेशन चार तारखेक झालां," बाबा म्हणाले.

"तां कोण बघता?"

"मी त्या खुर्चेर आसताना पयली तारीखच बघीत होतंय."

आतून आईचा आवाज आला. ऑपरेशननंतर ती अजून पडूनच असायची. "तेंका सांगान काय उपेग नाय. तू चाय घे आणि जा."

तो गेल्यावर कप विसळता विसळता मी बाबांना म्हटलं, "तारीख बदलायला सांगू नका. पण आई आजारी पडली ती नोकरीत असतानाच ना? खाटेवर घातली ती नोकरीत असतानाच ना? मग सरकारने काय तिला सहा दिवस होऊन गेल्यावर बरी समजायचं?"

बाबांनी चष्मा काढून पुसला. "नियम तसो आसा. तेवढ्या सहा दिवसांचां मागूया."

"आणि माझे पैसे?"

जून आला आणि गेला. मी त्याच शाळेत, त्याच पगारावर, पुन्हा एक वर्षासाठी चिकटले.

मिरजेला पत्र टाकून डॉक्टरचा दाखला आणवला. तो छान आला, शिक्क्यासह. अर्ज पुन्हा गेला, फक्त सहा दिवसांचा. पाच महिन्यांनी परत आला. पेशंटला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात न नेता परस्पर मिरजेस का नेले, आणि त्यास वरिष्ठ सरकारी डॉक्टरांची संमती होती काय? बाबांनी गावच्या डॉक्टरांकडून पत्र घेतलं. ते पत्र खाजगी डॉक्टरचं म्हणून चालेना. मग सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे खेटे सुरू झाले. ज्यांच्या वेळी आई आजारी पडली ते बदलून गेले होते. नवीन आलेले म्हणाले, "मी पेशंट पाहिलेला नाही. मी कशी सही करू?" ते खोटं बोलत नव्हते. हेच मला सहन होईना. या सगळ्यात कोणीही खोटं बोलत नव्हतं. जो तो आपापल्या जागी बरोबर होता, आणि आई घरात दोन उशा पाठीला लावून बसायची आणि विचारायची, "काय म्हणतत ते?"

उन्हाळ्यात भाऊ आगबोटीने आला. बाबा त्या दिवशी पेन्शन आणायला ट्रेझरीत गेले होते. भाऊ माझ्या मागे मागे स्वयंपाकघरात आला.

"आईच्या आजारपणाच्या पावत्या कुठे आहेत गं?"

"का?"

"आमच्या हापिसातला एकजण सांगतो, आईबापांच्या आजारपणाला खर्च केला असेल तर तेवढ्यावर इन्कमटॅक्स बसत नाही. मी मनीऑर्डर केली होती ना. थोडी सूट मिळाली तर ते पैसे तुझ्या ट्रेनिंगला पाठवीन."

मी पावत्या काढून दिल्या. मूळच्या दिल्या. मी नीट नकला करून घेतल्या होत्या, अक्षर बाबांच्याइतकंच चांगलं होतं माझं. अर्ज त्या वेळी परत येऊन पडलेला होता, तो कधी जाईल याचा पत्ता नव्हता. मुंबईत कदाचित काही होईल असं मला वाटलं. त्या घरात मी सोडून कोणीच घाई करत नव्हतं, म्हणून मीच काहीतरी केलं, आणि तेच नेमकं चुकलं.

बाबांना कळलं तेव्हा त्यांनी त्या नकला एकेक करून तपासल्या. मला वाटलं ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "नकलेर पैशे देनत नाय, बाय."

भावाचं पत्र सहा महिन्यांनी आलं. इन्कमटॅक्सच्या साहेबाने सांगितलं होतं की विम्याचा हप्ता आणि फंड याला सूट आहे, आईच्या ऑपरेशनला नाही. हापिसातल्या माणसाने ऐकीव गोष्ट सांगितली होती. आणि पावत्या? त्या फायलीला लागल्या होत्या. परत मिळण्यासाठी अर्ज करावा लागेल असं त्याने लिहिलं होतं. त्या अर्जाला आणखी वर्ष गेलं. पावत्या आल्या त्या प्रत्येकीवर जांभळा गोल शिक्का आणि पेन्सिलीची खूण घेऊन.

त्या पावत्यांसह, आणि बदलून गेलेल्या डॉक्टरांकडून पत्राने आणवलेल्या संमतीसह, अर्ज गेला. तो परत येण्याचं कारण मला आता पाठ आहे. सदर पावत्या अन्य कार्यालयात सादर झालेल्या दिसतात, त्यावर अन्यत्र कोणतीही सवलत घेतलेली नाही असा त्या कार्यालयाचा दाखला जोडावा.

त्या दिवशी मी शाळेतून आले तेव्हा बाबा ओट्यावर ते पत्र मांडीवर घेऊन बसले होते. मधल्या काळात मराठी राज्य झालं होतं आणि कचेरीची भाषा बदलली होती. बिलाचं देयक झालं होतं. सारी हयात इंग्रजीत मसुदे लिहिलेला माणूस आता एकेक शब्द शेजारच्या मास्तरांना विचारून अर्ज मराठीत करत होता. मला ते बघवेना.

"बाबा, तुम्हाला राग कसा येत नाही?" मी विचारलं. "चार वर्षं झाली. निदान एकदा तिथे जाऊन मेजावर हात तरी आपटा."

"कोणावर रागावू?"

"त्या कारकुनावर."

त्यांनी मला बसायला सांगितलं. घरात ते नेहमी मालवणीत बोलायचे, पण त्या दिवशी हळूहळू कचेरीच्या मराठीत गेले, जणू कोणासमोर जबानी देत होते.

"आचऱ्याकडचा एक मास्तर होता. लढाई संपली त्या वर्षी रिटायर झाला. पेन्शनचे कागद घेऊन माझ्याकडे आला. जन्मतारखेचा दाखला नव्हता, परत पाठवला. दाखला आणला तर त्यावर नाव वेगळं होतं, घरातलं नाव. परत पाठवला. तिसऱ्यांदा आला तेव्हा नाव बरोबर होतं, पण शिक्क्याखाली तारीख नव्हती. तो म्हणाला, साहेब, बायको अंथरुणाला आहे, तारीख तुम्हीच घाला. मी घातली नाही. परत पाठवला."

"मग?"

"मगे तो इलोच नाय."

ते पुन्हा मालवणीवर आले होते. मी विचारलं, "तुम्ही चौकशी केली नाही?"

"केली नाय. फाईल बंद केली. त्या कारकुनान माजे कागद परत धाडल्यान तर मी तेका काय सांगू?"

त्या वेळी मला त्यांची कीव आली नाही. खरं सांगते, मला जास्तच राग आला. त्या मास्तरांचं आणि बाबांचं जे काय होतं ते बाबांनी फेडावं, माझ्या चार वर्षांनी कशाला. मी तसं बोलूनही दाखवलं. ते उठून विहिरीवर पाय धुवायला गेले. आजही मी तो प्रसंग आठवते तेव्हा कधी त्यांच्या बाजूने होते, कधी माझ्या.

आई हे सगळं आतून ऐकत होती. ती नियमात बसत नव्हती आणि नियमाची वाट बघत बसणाऱ्यातलीही नव्हती. पुढच्या महिन्यात बाबा पेन्शनच्या दिवशी ट्रेझरीत गेले आणि त्यांनी वळण ओलांडताच तिने लाकूडवाल्याला बोलावून परसातलं मोठं फणसाचं झाड विकलं. दुपारी बाबा परत आले तेव्हा झाड आडवं पडलं होतं आणि दोन माणसं करवत चालवत होती.

"ह्या काय केलंस?"

"चेडवाक ट्रेनिंगाक धाडतंय," आई म्हणाली.

"झाड सामाईक आसा. चुलतभावाचो अर्धो हिस्सो आसा तेच्यात."

"तो वीस वर्सां बडोद्याक आसा. तेका झाड आठवता तरी?"

बाबांनी जेवणसुद्धा घेतलं नाही. लाकूडवाल्याने दिलेल्या पैशातले अर्धे त्यांनी मोजून वेगळे काढले आणि दुसऱ्या दिवशी पोस्टात जाऊन बडोद्याला मनीऑर्डर केली. चुलतकाकांचं उत्तर आलं, कसलं झाड ते समजलं नाही, पण पैसे पोचले, धन्यवाद. आई ते पत्र वाचून घेऊन हसत सुटली. मी हसले नाही. अर्ध्या झाडाचे पैसे, माझ्या नव्या साठवणुकीतले थोडे, आणि भावाने कबूल केलेलं दरमहाचं काही, एवढ्यावर मी कोल्हापूरला गेले. वर्गातल्या बहुतेक मुली माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान होत्या. मला ताई म्हणायच्या.

ट्रेनिंग संपवून आले त्याच्या पुढच्या वर्षी बाबा गेले. सकाळी दाढी करायला आरसा खिडकीत टांगला आणि तिथेच खाली बसले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं.

त्यांची पेन्शन त्या दिवशी थांबली. आईला घेऊन मी पेन्शनचं पुस्तक परत करायला ट्रेझरीत गेले. तिथे आता तोच कारकून होता, तारीख बदलायला सांगणारा. त्याने आईला खुर्ची दिली आणि अवघडून म्हणाला, "काकी, आता नवीन नियम झालोहा. नोकरीत आसलेल्या माणसाचां काय बरांवायट झालां तर तेच्या बायलेक पेन्शन गावता. पण आदी रिटायर झालेल्यांका नाय."

आईने थोडा विचार केला. "म्हंजे हे आणि धा वर्सां मागसून जन्माक इले आसते तर माका गावला आसता."

"होय," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार.

"तेंच्या सोबत पस्तीस वर्सां काढलंय. ती नोकरेत धरनत नाय?"

त्याने पुस्तक घेतलं, पोच लिहून दिली आणि आम्हाला दारापर्यंत सोडायला आला.

बाबांना जाऊन तीन महिने झाले असतील. पोस्टमन सरकारी लखोटा घेऊन आला. बाबांच्या नावाचा होता. इन्कमटॅक्सचा दाखला जोडून बाबांनी शेवटी पाठवलेलं सहा दिवसांचं देयक मंजूर करण्यात आलं होतं. खाटेचं भाडं, रक्ताची तपासणी आणि ऑपरेशनपूर्वीची औषधं मिळून एकेचाळीस रुपये साठ पैसे. अर्जदाराने महसुली तिकिटावर सही करून समक्ष घेऊन जावेत.

मी ते पत्र आईला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "आता सही कोण करतलो?"

वारस म्हणून आईला ते मिळायला हवे होते. त्यासाठी मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, भावाचं संमतीपत्र, माझं संमतीपत्र, दोन साक्षीदार. आई म्हणाली, "सोड गो. तेवढ्यासाठी पायताणां झिजतली." भावाने लिहिलं, इतक्या रकमेसाठी त्रास करून घेऊ नकोस. सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं. मी कोणाचं ऐकलं नाही. प्रत्येक सुट्टीत मी कुठल्या ना कुठल्या कचेरीच्या बाकावर बसले. वारसाच्या दाखल्यावर आईचं माहेरचं नाव पडलं, तो बदलून घेतला. बदललेल्या दाखल्यावर तारीख आहे ना, शिक्का आहे ना, हे मी तिथेच उभी राहून तपासायची. एका खिडकीतल्या माणसाने मला विचारलं, "बाई, तुम्ही पूर्वी कचेरीत होता काय?" मी नाही म्हटलं.

अकरा महिन्यांनी पैसे मिळाले. एस.टी.च्या भाड्यात आणि स्टॅंपात त्यातले निम्म्याहून जास्त आधीच गेले होते. आईने उरलेल्यातून चष्म्याची काडी बदलून घेतली आणि काही दिवस माझ्याशी बोलताना ती मुद्दाम त्या चष्म्यातून निरखून बघायची. ती त्यानंतरही बरीच वर्षं जगली, माझ्याच घरात. मिरजेच्या डॉक्टरांनी घातलेल्या टाक्यांनी तिला कधी त्रास दिला नाही.

साठचं दशक सरता सरता शाळेत आमची सेवापुस्तकं तयार झाली. प्रत्येकीने आपली माहिती भरून द्यायची होती, त्यावरून पुढे पेन्शन बसणार होती. माझी कायम नोकरी धरली गेली ती ट्रेनिंगनंतरची. त्याआधीची वर्षं तात्पुरती म्हणून वेगळ्या पानावर होती, आणि ती मोजली जाणार नव्हती. शिक्षण खात्याकडून आलेला तरुण कारकून माझ्यासमोर बसला होता. त्याने माझी कागदपत्रं चाळली आणि सभ्यपणे विचारलं, "बाई, तुम्ही नोकरीला एवढ्या लवकर लागलात, मग ट्रेनिंगला इतका उशीर का केलात? कारणाचा रकाना रिकामा आहे."

मी त्याला आईची गाठ, बाबांचा चार्ज, सहा दिवस, भावाचा इन्कमटॅक्स, बडोद्याची मनीऑर्डर, हे सगळं सांगणार होते. बोलायला तोंडही उघडलं होतं. मग त्या रकान्याकडे पाहिलं. तो दोन बोटांएवढा रुंद होता. मी पेन घेतलं आणि 'घरगुती अडचण' असं लिहून खाली सही केली. त्याने ते वाचलं, मान हलवली आणि म्हणाला, "सहीखाली तारीख घाला, बाई."

मी तारीख घातली.